सुचिताचं माप

ड्रेसची चेन पाठीवर अर्ध्यातच अडकली. नमिताने पोट आत ओढलं, श्वास धरला. चेन वर सरकेना, खालीही येईना. शेवटी तिने ओढणी पाठीवर पसरली आणि तशीच बाहेर येऊन पाटावर बसली.

सगुणाकाकीने ताट वाढलं. आज तिच्या सुचिताची तिथी. लग्नाआधी पोर गेली, तर तिच्या तिथीला तिच्याच वयाच्या पोरीला नवे कपडे घालून जेवू घालायचं, ही सगुणाच्या माहेरची रीत. सुचिताच्या वयाची, तिच्याच बाकावरची, शेजारच्या घरातली नमिता. तिच्याशिवाय कोणाला बोलावणार? ड्रेस सगुणा दरवर्षी स्वतः शिवायची. माप मात्र दहावीतल्या सुचिताचं. जिवंत पोर वाढणारच, पण हे तिला कोण सांगणार?

दहावीच्या सुट्टीत दोघी खाडीवर गेल्या होत्या. सुचिताचे पाय चिखलात रुतले आणि भरती चढली. नमिताच्या हातात नुसती तिची ओढणी राहिली. सुचिताला बाहेर काढल्यावर सगुणा तिच्या कानाशी एकच बोलत होती, श्वास घे. ते बोलणं अजून नमिताची झोप मोडतं.

"खा ना गं."

कोळंबीचं कालवण. सुचिता त्यावर जीव टाकायची. नमिताला वासानेच मळमळायचं, तरी दरवर्षी ती वाटी चाटूनपुसून खायची. आपण वाचलो, निदान एवढं तरी करावं.

पुण्याला नोकरी लागलीय, पुढच्या वर्षीपासून येणार नाही, असं सांगायचं ती घोकून आली होती. समोर फोटोतली सुचिता हसत होती. नमिताने वाटी जवळ ओढली.

"तुजी आई बोलली, पुन्याला चाललीस."

"तिथीला येईन ना काकी. सुट्टी काढून." बोलली आणि स्वतःचाच राग आला.

सगुणाने तिच्यापुढची वाटी उचलली. "तुला कोलंबी नाय आवडत. लहानपनापासून म्हाईत हाय मला."

"मग वाढायचीस कशाला?"

"तू खायचीस तवा ती जेवली असं वाटायचं."

वाटी फोटोपुढे ठेवून सगुणा नमिताच्या पाठीमागे आली. ओढणी बाजूला केली. चेन ओढून पाहिली. कापड दातांत घट्ट अडकलं होतं, कातडीवर लाल वळ उठला होता. मागे बसून तिने त्या वळावरून बोट फिरवलं. मग उठली आणि शिलाई मशीनवरची कात्री घेऊन आली.

"काकी, नवा ड्रेस आहे."

"हलू नको."

गार पातं अडकलेल्या चेनपाशी पाठीला टेकलं. कापड करकर कापलं गेलं. सगुणाचे हात थांबले नाहीत.

"श्वास घे," ती म्हणाली. "घे गं पोरी."

नमिताने घेतला.