उलटी वेणी

मावशींची कात्री स्वेटरच्या गळ्याशीच थांबली. छातीवर विणलेली वेणी डावीकडे वळली होती.

साऱ्या जगाची वेणी उजवीकडे वळते. डावीकडे वळणारी त्यांनी आजवर फक्त स्वतःच्याच हातची पाहिली होती, कारण त्या डावखुऱ्या. पण हा स्वेटर काही त्यांचा नव्हता. असला भडक पिवळा रंग त्यांनी जन्मात विणला नसता. आणि माप होतं दोन-तीन वर्षांच्या पोराचं.

उसवणीच्या या खोलीत रोज जुन्या कपड्यांची पोती यायची. अंगात घालण्याजोगं असेल ते खालच्या दुकानात जायचं. ज्यात काही राम उरला नाही ते मावशींच्या टेबलावर. त्या उसवायच्या, लोकर धुऊन तिच्या लडी करायच्या आणि पुढे कोणीतरी त्यांचं नवं काही विणायचं. "तेवढी लोकर नव्यानं बनवायला नको. तेवढा कचरा कमी, कारखान्याचा तेवढा धूर कमी," मुकादमबाई आल्यागेल्याला सांगायच्या. मावशींना ते पटायचं. पण खरं सांगायचं तर घर खायला उठायचं म्हणून त्या इथे येत होत्या.

त्यांनी गळ्याची कड उलटवली. आत शेवटच्या टाक्याला दोन गाठी होत्या. मावशींनी कात्री खाली ठेवली. "एक गाठ कामाची, एक भीतीची," असं त्या लेकीला शिकवायच्या आणि ती खो-खो हसायची. लेक उजव्या हाताची. पण विणायला शिकली ती आईच्या मांडीत बसून, आईच्या हातांवर हात ठेवून. त्यामुळे लिहायची उजव्या हातानं आणि विणायची डाव्या. शिकवताना एवढा घोळ घालणारी मास्तरीण दुसरी झाली नसेल.

"त्याच्याशी लग्न करणार असशील तर या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस," असंही त्याच लेकीला त्या म्हणाल्या होत्या. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. पण लेक हट्टाला आईवरच गेलेली. तिनं खरंच पाय ठेवला नाही. फोनचा नंबरसुद्धा बदलला. तिची आठवण आली नाही असा एक दिवस गेला नव्हता, पण हे बोलायचं कोणाजवळ?

स्वेटरची कोपरं रफू करून पुन्हा विरली होती. बाह्यांच्या टोकांचा कोणीतरी चावून चावून चोथा केला होता. मावशींनी एक टोक नाकाशी नेलं. वास फक्त पोत्याचा आला.

"मावशी, घ्या ना उसवायला," मुकादमबाई मागून म्हणाल्या. "पार चाळण झालीय त्याची."

"हा नाही उसवायचा." मावशींनी पदरानं डोळे टिपले. "बाई, हे पोतं कुठल्या भागातून आलं, ते गाडीवाल्याला विचाराल?"

"विचारते की. पण कशाला?"

"माझं नातवंड आहे तिथे. मुलगा की मुलगी, तेवढंही मला ठाऊक नाही."