हाक मारेपर्यंत

"हे परमेश्वरा," गादीवर बसलेली मा-गोराटा डोळे मिटून मोठ्याने म्हणाली, "ओडिरिलेला सद्बुद्धी दे. तिसरा हंडा अजून चुलीवर चढलेला नाही."

खिडकीबाहेर अंगणात, मयताच्या स्वयंपाकाला लावलेल्या ओडिरिलेने टोपी काढली, "आमेन" म्हटलं आणि हंडा चुलीवर चढवला.

बोत्स्वानातल्या कान्ये गावात नवरा गेला की बाई गादीवर बसते. खोली रिकामी करतात, जमिनीवर गादी टाकतात, बाईच्या खांद्यांवर ब्लँकेट घालतात. माती होईपर्यंत तिने कशाला हात लावायचा नाही आणि कुणाला काम सांगायचं नाही. घर नणंदेच्या ताब्यात. एरवी बायका हे निमूट पाळतात. पण मा-गोराटा म्हणजे समोरच्या घरातल्या बाईला तिच्याच दोरीवर तिचेच कपडे कसे वाळत घालायचे ते सांगणारी बाई. तेव्हा थोरल्या नणंदेने, सेगामेट्सीने, आल्या आल्या बजावलं होतं, "प्रार्थनेशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही."

प्रार्थनेची सूट ठेवली, तिथेच फसलं.

आठवडाभर देवाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तंबूची दोरी कुठल्या खुंटाला बांधायची, प्लॅस्टिकच्या खुर्च्या कुणाकडून आणायच्या, ज्वारीच्या दारूपासून कुठल्या मेहुण्याला लांब ठेवायचं, सगळं त्याच्या कानावर घातलं गेलं. प्रार्थना अडवायची कशी? शेवटी सेगामेट्सीनेही अंगणाच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले.

"हे प्रभो, ज्यांना गप्प बसायला सांगितलंय त्यांना गप्प बसव. आणि तो तिसरा हंडा खाली उतरव. लाकडं काय फुकट येतात?"

ओडिरिले गरम हंडा दोन फडक्यांत धरून उभा राहिला.

"आमेन नक्की कुणाला म्हणायचं, ते तरी सांगा," तो म्हणाला. "हात भाजतोय."

शेकोटीपाशी बसलेली म्हातारी मंडळी टोप्यांआड हसली. एक जण मा-गोराटाच्या गेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाला, "बिचारा ओलेबिले. जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी केलं, तेही मरण्याचं."

खिडकी उघडीच होती. मा-गोराटाने ते ऐकलं. त्यानंतर बराच वेळ खोलीतून एकही प्रार्थना आली नाही. अंगणातले लोक अस्वस्थ झाले. मीठ किती घालायचं ते कुणालाच ठरवता येईना.

जिच्या नावावरून तिला मा-गोराटा म्हणत, ती लेक गोराटा आईसाठी चहा घेऊन आत आली.

"आई, बरं नाही का वाटत?"

"दमलेय."

"बसून?"

"बसून नाही गं. सांगून. सगळ्यांना वाटतं मला हौस आहे." तिने कप घेतला, प्यायली मात्र नाही. "आणि बाहेर ते काय म्हणतायत? न विचारता गेला? विचारून गेलाय तुझा बाप."

गोराटा गादीच्या कडेला टेकली.

"दुपारी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, जरा पडू का? मी म्हटलं, पड. आणि मी हाक मारल्याशिवाय उठू नकोस, सारखा पायात येतोस."

"मग?"

"मग काय. तो पडला. मी दूध तापवत होते, मग कोंबड्या, मग ती समोरची आली. हाक मारायची राहिलीच." तिने ब्लँकेट घट्ट ओढून घेतलं. "आता उद्या सकाळी पुरतील त्याला. आणि तुझ्या आत्याने मला बोलायला बंदी केलीय."

"आत्याला सांगू?"

"तुझ्या आत्याला आजवर कुणी काही सांगितलंय का?"

ऊन उतरताना शवागारातून ओलेबिलेला घेऊन गाडी आली. सहा पुरुषांनी पेटी खोलीत आणली. सेगामेट्सी पुढे उलटी चालत होती. "डावीकडे. अरे, तुझं डावं नाही, माझं डावं. पाय दाराकडे. हळू, तो काही पळून जात नाहीये." पेटी गादीशेजारी ठेवली, तोंडापाशी झाकण सरकवलं. मग तिने सगळ्यांना बाहेर काढलं. गोराटालाही. दार लावलं. आता सांगायला कुणीच उरलं नाही, तशी ती गादीवर धप्पकन बसली, गुडघे चोळत.

ओलेबिलेच्या टायची गाठ वाकडी होती. दोघींनी एकदमच हात पुढे केला, एकदमच मागे घेतला.

"लहानपणी माझ्याकडे होता तेव्हाही असाच," सेगामेट्सी म्हणाली. "आई शेतावर, हा माझ्या गळ्यात. नाक पुसू का, ते सुद्धा विचारायचा. मला जाम कंटाळा यायचा."

मा-गोराटाने मान हलवली. बोलायची बंदी होती.

"लग्न होऊन तुझ्या घरी पाठवला तेव्हा दमून आठवडाभर झोपले होते मी," सेगामेट्सी म्हणाली.

बाहेर ओडिरिले कुणाला तरी विचारत होता, हंडा उतरवू की राहू दे.

मा-गोराटा गुडघ्यांवर आली. पेटीच्या कडेवर हात ठेवून वाकली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत, देवाचं नावही घेतलं नाही.

"ओलेबिले," ती म्हणाली. "ऊठ आता."

सेगामेट्सीने टोकायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनेही भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोघी थांबल्या. आजवर त्याला सांगितलं आणि त्याने केलं नाही, असं कधी झालं नव्हतं.