एक बीन बरिटो

ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची होती. चंद्रहास उठायला लागला, तेवढ्यात नीताने टेबलावर दोन्ही हात टेकले आणि ती त्याच्याआधी उभी राहिली.

"मी," ती म्हणाली.

"अगं, गर्दी आहे. मी पटकन..."

"बाबा, सिट," सिद्धी म्हणाली. "लेट हर."

गेल्या हिवाळ्यात नीताला स्ट्रोक आला. हातपाय सावरले, पण वाचा पूर्ण परत आली नव्हती. शब्द डोक्यात असायचा, तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा आणि कधीकधी येईपर्यंत त्याचा भलताच शब्द व्हायचा. दवाखान्यात, दुकानात, फोनवर तिच्या वतीने चंद्रहासच बोलायचा. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटची थंडी चुकवून तिघं रारोटोंगा या उबदार बेटावर आले होते. विमानतळापासून इथेही तोच बोलत होता.

हॉटेल म्हणजे समुद्राला लागून उघडी शेड. खाली वाळू, प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांखालून हिंडणाऱ्या कोंबड्या. मेक्सिकन खाणं करणारी मालकीण याच बेटावरची, चांगली धिप्पाड बाई होती. तिच्या कानावर पांढरं फूल होतं. तिच्यासमोर नीता उभी राहिली आणि नीताच्या मागे रांग वाढत गेली.

चंद्रहासला काही ऐकू येत नव्हतं. नीताचे ओठ हलताना आणि थांबताना तेवढे दिसत होते. तिने दोन बोटं वर केली. काहीतरी म्हणाली, मान हलवली, पुन्हा म्हणाली. रांगेतल्या एका माणसाने मान वाकडी करून पुढे काय चाललंय ते पाहिलं. चंद्रहास खुर्चीच्या कडेवर आला. सिद्धीने त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली.

मालकीण मात्र काउंटरवर कोपर टेकून, दुसरं काही काम नसल्यासारखी ऐकत होती.

नीता परत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "झालं," ती म्हणाली आणि बसली.

"स्वीट ॲज, आई, मस्त जमलं," सिद्धी म्हणाली.

थोड्या वेळाने मालकीण हातांवर प्लेटी तोलत आली. या टेबलावर तीन ठेवल्या, शेजारच्या टेबलावर एक, आणि घाईत निघून गेली. बापलेकीसाठी माशाचे टाको होते. नीताने आपल्या बरिटोची गुंडाळी चमच्याने उघडली आणि हात मागे घेतला. आत मांस होतं. नीता शाकाहारी होती.

चंद्रहासने प्लेट हलकेच आपल्याकडे ओढली. "राहू दे. मी दुसरं सांगून येतो."

नीता त्याच्याकडे पाहत होती.

"बीन आणि बीफ," तो समजुतीने म्हणाला. "सारखेच शब्द आहेत गं. कुणाचीही जीभ घसरेल."

"मी... बीन... म्हणाले."

"हो, तुला तेच म्हणायचं होतं. पण तोंडातून..."

"बीन. म्हणाले."

तिने त्याच्या हाताखालून प्लेट काढून घेतली, उठली आणि वाळू तुडवत पुन्हा काउंटरकडे निघाली. या वेळी सिद्धीने बापाची बाही धरली नाही. दोघं तिच्या मागोमाग गेले.

"मी... हे... नाही," नीता इंग्रजीत म्हणाली. प्लेट तिने काउंटरवर ठेवली. "मी... बीन." पुढचा शब्द काही केल्या येईना. तिने डोळे मिटले. चंद्रहासने तोंड उघडलं होतं. सिद्धीने त्याच्या पायावर पाय दिला. "...सांगितलं," नीता म्हणाली.

"बीनच सांगितलंत," मालकीण म्हणाली. तिने प्लेटीत पाहिलं, मग नीताच्या खांद्यावरून शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे उन्हाने लाल झालेला एक दांडगा माणूस शेवटचा घास चावत होता.

"तुमचा बीफ बरिटो कसा होता?" तिने तिथूनच विचारलं.

माणूस चावायचा थांबला. "छान होता," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडे बीफ असंच असतं."

सगळी रांग हसली. मालकीण हसली नाही. ती काउंटरच्या मागून बाहेर आली. "प्लेटींची अदलाबदल माझ्याकडून झाली. तुम्ही अगदी नीट सांगितलं होतं. मी पहिल्याच वेळेला ऐकलं होतं."

नीताने चंद्रहासकडे वळून पाहिलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं," तो म्हणाला.

टेबलावर नवा बरिटो आला. नीताने तो दोन्ही हातांत धरून मोठा घास घेतला. खरपूस रोटी, आत वाफाळलेला राजमा, कच्चा कांदा, लिंबू. तिने वरून तिखट सॉस ओतला, पुन्हा चव घेतली आणि आणखी ओतला. सॉसचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला. ती खात राहिली. आजारपणापासून तिला असं खाताना चंद्रहासने पाहिलं नव्हतं.

अर्धा संपल्यावर तिने तो खाली ठेवला आणि बोलायला लागली. बँकेत नोकरीला असताना फोनवर एक खडूस म्हातारा कसा भांडायचा आणि तिने एकदा त्याला कसं गप्प केलं, असं काहीतरी ते होतं. गोष्ट लांबलचक होती. दर दोन शब्दांनी ती अडत होती, चुकीचा शब्द टाकून बरोबर शोधत होती, स्वतःच हसत होती.

चंद्रहासच्या हातातला टाको रसाने भिजून मऊ पडत गेला. त्यातला मासा वाळूत पडला आणि कोंबडीने तो पळवला. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मग?" तो म्हणाला. "मग तू काय म्हणालीस?"