बिनबॉनेटची गाडी

इंजिन बसलं, पण बॉनेट बसेना. नवं इंजिन दोन बोटं उंच होतं. इनायत मिस्त्रीनं बॉनेट काढून गॅरेजच्या भिंतीला टेकवलं आणि चावी फिरवली. पन्नास वर्षांची जुनी अँबॅसिडर, मागं माणूस आडवा झोपेल एवढी लांब, पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"वा रे पठ्ठ्या!" माणिकराव ठेकेदार खूश झाला. परवा याच गाडीतून त्याच्या पोराची वरात वसमतभर फिरणार होती.

इंजिन पोत्यात आलं होतं. कुठून आणलं, असं इनायतनं एकदाच विचारलं होतं.

"तुला इंजिन बसवायचं हाय का त्याच्यासंगं सोयरीक करायची हाय? नंबर घास अन् गप बस."

इनायतनं नंबर घासला. गप बसला. इथं सगळेच बसतात. इंजिनाच्या पाण्याच्या नळीवर कुण्या ड्रायव्हरनं तांब्याच्या तारेची तिहेरी गाठ मारली होती. गाठ पक्की होती, म्हणून तेवढी तशीच ठेवली.

फोन वाजला. पोरगी होती, नाहिद.

"अब्बा, अम्मी जल गई! उकळत्या हळदीची कढई कलंडली तिच्या अंगावर. गावातल्या सरकारी दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतेत, आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या, न्हाई तर वाचत न्हाई. ॲम्बुलन्स दारातच हाय, पण महिना झाला बंद हाय म्हणं!"

इनायत स्टेअरिंगवर बसला. माणिकराव गाडीपुढं आडवा झाला.

"काय करून राहिला बे? वरातीची गाडी हाय. भाजलेलं माणूस टाकतो काय तिच्यात?"

"मालक, बाजूला व्हा. ब्रेक अजून तपासले न्हाईत."

माणिकराव बाजूला झाला.

गाव नऊ किलोमीटर. उघड्या इंजिनाची वाफ काचेवर येत होती. इनायत शिव्या देत होता. खड्ड्यांना, माणिकरावला, आणि ती ॲम्बुलन्स बंद पाडणाऱ्याच्या सात पिढ्यांना.

ॲम्बुलन्स दवाखान्याच्या दारात उभी होती. धुतलेली, चकचकीत. तिचा ड्रायव्हर कोंडीबा पायरीवर डोकं धरून बसला होता. आत इनायतची बायको अख्तरी ओरडत होती.

"काय झालं तरी काय तुझ्या गाडीला?" इनायत उतरता उतरताच खेकसला.

कोंडीबा उघड्या इंजिनाकडं बघत राहिला. उठला. वाकला. तांब्याच्या तारेवरून त्यानं बोट फिरवलं. मग जिथं नंबर असतो तिथं बघितलं. तिथं नुसतं गुळगुळीत लोखंड होतं.

"ही गाठ माही हाय, इनायतभाई."

इनायतच्या नखांत घासलेल्या लोखंडाची काळी भुकटी अजून तशीच होती. त्यानं हात मागं लपवले.

कोंडीबा दवाखान्याकडं वळला आणि छाती फाटेस्तोवर ओरडला, "सिस्टर, बाईला भाईर आना! आपली ॲम्बुलन्स आली!"