आधी कोण?

केबल बदलून झाली, तरी सॅम्पलरमध्ये साठवलेली ढोलकी वाजेना. ताल देणारा सिक्वेन्सरही मुका. ही यंत्रं जुळवणं अन्वरचं काम. पण हळदीच्या कार्यक्रमात कुठलं गाणं आधी घ्यायचं यावरून तो भांडून गेला आणि तालमीच्या खोलीत सुधन्वा एकटा उरला.

शेवटी त्याने ओळखीच्या मेकॅनिक शैलाताईंना बोलावलं. सेटिंग पाहून त्यांना हसू आवरेना.

"बिघडलंय कुठे? दोघांनाही तू दुसऱ्याच्या तालावर चालायला लावलंयस. मग बसलेत एकमेकांची वाट बघत! एकाने आधी सुरू करायला नको?"

ताई सेटिंग बदलून गेल्यावर ढोलकी खोलीभर घुमली. सुधन्वाने ती थांबवली आणि अन्वरला फोन लावला.

पहिली रिंग पुरती वाजायच्या आतच पलीकडून आवाज आला, "बोल."