भगदाडापाशी चार माणसं

"चार माणसं आणि एक कुत्रं!" मोजणीचा तक्ता वाचून साहेब खो खो हसले. "आणि शाळेच्या मुख्याध्यापिका अर्जात लिहितात, रोज पाचशे जण रूळ ओलांडतात. थाप मारावी, पण किती?"

समोर बसलेली इंजिनीअरही हसली. शहराला रुळांवरून जाणारा पादचारी पूल एकच मंजूर झाला होता आणि जागा दोन होत्या. एक बाजाराजवळ, दुसरी वसाहतीच्या भिंतीला पडलेल्या भगदाडापाशी. जिथे माणसं जास्त, तिथे पूल. बाजाराजवळ दिवसभरात दोन हजार भरली. भगदाडापाशी चार.

बरं, ही मोजणी कुणी भाड्याच्या माणसाने केलेली नव्हती. झाडाखाली झोपा काढून तक्ते भरणारे तिने पुष्कळ पाहिले होते. म्हणून भगदाडापाशी ती स्वतः उभी राहिली होती. अंगात नारिंगी जॅकेट, हातात मोजणीचं यंत्र, सकाळी सात ते संध्याकाळी सात. पायांचे तुकडे पडले, पण जागा सोडली नाही. शिवाय नियमाप्रमाणे मोजणीची वाच्यता कुठेही केली नव्हती. लोकांना आधी कळलं तर मुद्दाम चार-चार फेऱ्या मारतात. वसाहतीत राहणाऱ्या आपल्या वडिलांनाही ती एवढंच म्हणाली होती, "नाना, उद्या माझी ड्युटी तुमच्या भगदाडापाशी."

"बघ हं," साहेब म्हणाले. "कागद एकदा वर गेला की गेला. दुसरा पूल आपल्या हयातीत व्हायचा नाही."

"साहेब, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

तिने सही ठोकली. शिपाई कागद घेऊन गेलासुद्धा.

आता राहिलं होतं भगदाड बुजवायचं काम. किती विटा लागतील ते बघायला ती दुपारी साडेबाराला टेप घेऊन निघाली. उकडत होतं, म्हणून जॅकेट खुर्चीवरच टाकलं. भिंतीपाशी पोचली आणि तिची बोटं आधी विटांवरून फिरली. कडा गुळगुळीत झाल्या होत्या, हात घासून घासून होतात तशा. मोजणीच्या दिवशी ती भिंतीकडे पाठ करून उभी होती, त्यामुळे हे तिला दिसलंच नव्हतं.

"सरका हो ताई," मागून कुणीतरी म्हणालं. एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन आत शिरली आणि सरळ रुळांवरून चालू लागली. तिच्यामागे दोन गवंडी. मग सायकल खांद्यावर घेतलेला एक पोस्टमन. मग रांगच लागली. इंजिनीअरचा अंगठा आपोआप हलायला लागला, हातात यंत्र नसताना. चाळीसपर्यंत मोजलं आणि तिने मोजणं सोडून दिलं. कुठून आली ही सगळी?

तेवढ्यात पलीकडे शाळा सुटली. दप्तरं पाठीवर टाकून पोरं उतारावरून धावत खाली आली, ती थेट रुळांवर. त्यांच्यामध्ये एक म्हातारा काठी टेकत येत होता. खांद्यावर पिवळं दप्तर, हातात एका मुलीचा हात. ते दप्तर तिनेच आणलं होतं. मागच्या महिन्यात, वाढदिवसाला.

नाना! आणि तिची ठमी!

कामावर जाताना ती आपल्या मुलीला, ठमीला, नानांकडे सोडायची; तिथून शाळेत न्यायचं-आणायचं काम त्यांचं होतं. "लांब पडलं तरी रेल्वेच्या फाटकावरूनच जा हं," असं ती रोज सकाळी बजावायची आणि नाना रोज "हो गं बाई, हो" म्हणायचे.

गाडीचा भोंगा वाजला. तिने ओरडायला तोंड उघडलं. पुढच्याच क्षणी अलीकडच्या रुळावरून भरधाव गाडी धडधडत आली आणि पलीकडचं काहीच दिसेनासं झालं. डबे संपता संपेनात. ती खाली वाकून चाकांमधून पलीकडचं पिवळं दप्तर शोधू लागली.

गाडी गेली. दोन रुळांच्या मधल्या खडीत पोरं ओळीने उभी होती, कडेला नाना. ठमी आनंदाने नाचत होती. "नाना, एकवीस डबे! काल वीसच होते!"

ती दोघं भगदाडाशी पोचताच तिने पोरीला ओढून पोटाशी धरलं. "नाना, अहो काय हे! या पोरीला घेऊन रुळांवरून येता?"

"अगं, सगळीच येतात," नाना ओशाळून म्हणाले. "फाटकापर्यंत वळसा घालायला माझे गुडघे कुठे राहिलेत आता?"

"सगळीच? मग त्या दिवशी कुठे होतात? बारा तास उभी होते मी इथे. चार माणसं आली, नाना. चार!"

नानांचा चेहरा एकदम खुलला. काठी भिंतीला टेकवून त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"चारच ना? ती बाहेरची असणार. अगं, ते नारिंगी जॅकेटवाले दंड करायला येतात ते काय मला ठाऊक नाही? म्हटलं, आपलेच लोक लेकीच्या नाकासमोरून रूळ ओलांडायला लागले तर तिलाच वरून बोलणी बसायची. तू ड्युटीचं सांगितलंस, तशी काठी टेकत घरोघर फिरलो. एक दार सोडलं नाही. उद्या माझी लेक उभी राहणार आहे, म्हटलं, सगळ्यांनी फाटकावरून जायचं." ते तिच्याकडे बघून कौतुकाने हसले. "मग? ठेवला की नाही अख्ख्या वसाहतीने तुझा मान?"