एक जूनवाले

लाल सुटकेस पलंगाखाली नव्हती. भीमरावाने पुन्हा वाकून पाहिलं, माळ्यावर पाहिलं, आणि त्याचं डोकं भणाणलं.

"घेऊन गेली!" तो रिकाम्या घरात ओरडला. "चार दिवस माहेरी जायला एवढी मोठी सुटकेस लागते?"

गाडी संध्याकाळची होती. कल्याणहून गोरखपूर, तिथून बसने काठमांडू. आणि बदलापुरातल्या दोन खोल्यांत भीमराव एकटाच कपाटाशी झुंजत होता, कारण त्याची बायको अंजना परवाच "माईला बरं नाही" म्हणून आईकडे निघून गेली होती. नवरा आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर चाललाय, आणि हिला आईचे गुडघे सुचले! पुऱ्या नाहीत, चटणी नाही, दोन दिवसांच्या प्रवासाला डब्यात कण नाही.

स्वेटरही नव्हता. मरून रंगाचा, कोपराला हिरव्या लोकरीने रफू केलेला. मरून लोकर मिळाली नाही म्हणून अंजनाने हिरवी वापरली होती, आणि तेवढ्यावरून भीमरावाने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. काठमांडूच्या कॅसिनोत एसीचा गारठा असतो, असं सोमा बजावून गेला होता.

"दिला असणार भावाला," भीमराव दातओठ खात म्हणाला.

सोमा, भगवान आणि भीमराव अंबरनाथच्या एकाच कंपनीतले. तिघांचा वाढदिवस एक जूनला. म्हणजे कागदावर. आईच्या सांगण्याप्रमाणे भीमराव भाताच्या झोडणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे जन्मला होता. पण शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी बिनदिक्कत एक जून ठोकून मोकळे होत. सोमाची गत तीच, भगवानचीही तीच. कंपनीत हे उघड झालं तेव्हापासून तिघे दर एक जूनला कुठेतरी जात. लोणावळा झालं, दमण झालं. यंदा पन्नाशी. कोणीतरी काठमांडूच्या कॅसिनोचं वर्णन केलं आणि तिघांना त्याचंच वेड लागलं.

बेत शिजला तो याच घरात. हॉटेल कुठलं, कॅसिनो कुठला, कधी जायचं, सगळं अंजनासमोर ठरलं. ती तांदूळ निवडत होती. मध्येच म्हणाली, "अहो, आम्हीपण आलो तर? मी, सोमाभावजींची द्रौपदी, भगवानभावजींची सरस्वती. आम्हीपण कुठं गेलो नाय कधी."

भीमराव भडकलाच. बायकोने मित्रांसमोर तोंड उघडलं, याचाच राग जास्त.

"तुमचं काय काम तिथं? चौथी शिकलेल्या बायका, काय कळणार तुम्हाला? आणि वाढदिवस आमचा आहे! तू घर सांभाळ."

सोमा आणि भगवान खो खो हसले.  अंजनाने सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात ओव्हरटाइम धरला. यायला उशीर, जेवण गार. त्यावरूनही भीमरावाने भांडी आपटली. तिने ती उचलून जागेवर लावली.

प्रवासभर तो धुमसत राहिला. रेक्झिनच्या पिशवीचा बंद तुटला, खापर अंजनावर. स्टेशनातल्या पुरीने पोट बिघडलं, खापर अंजनावर.

"आमचीपण गेलीय बहिणीकडं," भगवान म्हणाला. "कटकट नाही. सुटलो समज."

"सुटलो काय? शेफारल्यात ह्या! परत गेलो की बघ कसा सरळ करतो."

"जाऊ दे ना यार," सोमा म्हणाला. "बर्थडे आहे. टेन्शन नको देऊ."

एक जूनला दिवस मावळताना तिघे कॅसिनोच्या दाराशी पोचले. दरवानाने भीमरावाच्या पायांकडे बोट दाखवलं. "साब, चप्पल नहीं चलेगा. जूता."

बूट बदलापुरात राहिले होते. बूट आठवणीने काढून ठेवणं हे कोणाचं काम? शेवटी हॉटेलातल्या वेटरचे मागून आणले. तेही लहान. भीमराव आत शिरला तेव्हा पाय करकचले होते, एसीने अंगात हुडहुडी भरली होती आणि मस्तकात जाळ होता. झुंबरं, गालिचे, रंगीत दिवे, कशाकडेही त्याचं लक्ष नव्हतं. अंजनाला काय काय सुनावायचं, त्याची मनात उजळणी चालली होती.

मधल्या टेबलावर जुगाराचं चाक फिरत होतं आणि भोवती गर्दी होती. कोणीतरी सारखं जिंकत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. सोमा कोपराने वाट काढत पुढे घुसला आणि जागीच थबकला. भीमराव मागून त्याच्यावर आदळला.

"काय रे, पुढं हो ना!"

भीमरावाने त्याच्या खांद्यावरून मान पुढे काढली.

टेबलाशी तीन बायका पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्यापाशी बशीत केकचे तीन तुकडे होते. मधलीच्या अंगात मरून स्वेटर होता. तिने डावाची चकती पुढे सरकवायला हात लांब केला आणि कोपरावरचं हिरवं रफू झुंबराच्या उजेडात लख्ख दिसलं.

"अंजने!" भीमराव असा गरजला की चाक फिरवणाऱ्याचा हात थांबला. "तू? इथं? तुझं काय काम इथं?"

तिने सावकाश मान वळवली. द्रौपदी आणि सरस्वतीनेही वळवली. अंजनाच्या डोळ्यांत भीती नव्हती. पंचवीस वर्षं गिळलेला राग तेवढा होता, आणि आज तो गिळायची तिला काही घाई नव्हती.

"वाढदिवस आहे आमचा," ती म्हणाली. "तिघींचा. आमच्या गुरुजींना तरी कुठं दुसरी तारीख येत होती?"